पंख मिटण्याची मुभा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या राजमार्गावर उरुळी कांचन मागे पडल्यावर आणि यवत येण्यापूर्वी कासुर्डी नावाचे जे गाव लागते, आणि ज्याचे नाव टोलनाक्यामुळे त्या वाटेच्या वाहनचालकांना गावाची वेस न पाहताही पाठ झालेले आहे, त्या गावाच्या शिवारात उद्या एखाद्या हुन्नरी तरुणाने स्वतःच्या हाताने दोन आसनांचे विमान बांधावयास घेतले, तर त्याच्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न इंजिनाचा असणार नाही, किंवा वैमानिकाच्या परवान्याचाही असणार नाही. पंख ठेवावयाचे कोठे, हा असेल. अशा हलक्या विमानाचा पंखविस्तार साधारणतः साडेआठ ते दहा मीटर असतो, आणि एवढ्या रुंदीचे दार असलेली गुऱ्हाळाची छपरी अथवा कांद्याची चाळ दौंड तालुक्यात कोणी बांधीत नाही. धावपट्टी म्हणावी तर ती बारामतीला. लोहगावची धावपट्टी वायुदलाची, तेथे हौशी माणसाचा शिरकाव होणे नाही. हडपसरचे मैदान ग्लायडरांचे. म्हणजे विमान घरी ठेवावयाचे, उडवावयाच्या दिवशी गाडीमागे जोडून रस्त्याने न्यावयाचे आणि सायंकाळी तसेच परत आणावयाचे, याखेरीज गत्यंतर नाही. आणि रस्त्याचा कायदा असा की मोटार वाहन नियमांनी कोणत्याही वाहनास २.६ मीटरपेक्षा अधिक रुंदी ठेवू दिलेली नाही. नऊ मीटरांचे अडीच मीटर करावयाचे, म्हणजे पंख मिटता आले पाहिजेत. मोठ्या शहरातल्या धनिकाला भाड्याने हँगर मिळतो म्हणून मिटणारे पंख त्याला चैन वाटावी. कासुर्डीच्या माणसाला ती प्राथमिक गरज आहे.

आपल्याकडे घरी बांधलेल्या विमानाची गोष्ट निघाली की ती बहुधा अभिमानाच्या नाहीतर उपहासाच्या अंगाने जाते, आणि दोन्ही अंगांनी ती थोड्याच वेळात गिरगाव चौपाटीवर येऊन पोचते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली तेथे विमान उडविल्याचे आख्यान येथे पुन्हा लावण्याची माझी इच्छा नाही. ज्या ग्रंथाचा आधार त्या आख्यानाला नित्य दिला जातो त्यातल्या आकृतींचे १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी जे परीक्षण केले, त्यातून ती विमाने उडण्याजोगी नाहीत असाच निष्कर्ष निघाला, आणि तेवढ्यावर हा विषय मिटावयास हरकत नव्हती. महाराष्ट्राला विमानविद्येतला पूर्वज हवाच असेल तर तो कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटगे यांच्या रूपाने खराखुरा लाभलेला आहे. गटिंगन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या गृहस्थांनी १९५१ साली आकाशात गेलेले एच. टी. २ हे शिकाऊ विमान रचले, आणि १९५८ सालचे पुष्पक हे फ्लाइंग क्लबांचे छोटे विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली सिद्ध झाले. परंतु घाटगे यांची तसबीर आपल्या शाळांतून दिसत नाही. ज्याने आकडेमोड केली त्याच्यापेक्षा ज्याची दंतकथा झाली तो आपल्याला अधिक जवळचा वाटतो, आणि या खोडीचा संबंध पुढच्या विवेचनाशी आहे, कारण पंख मिटविण्याची विद्या सर्वस्वी आकडेमोडीची आणि तपासणीची आहे; तीत दंतकथेला फट सापडत नाही.

ही विद्या नवीनही नाही. इंग्लंडातील शॉर्ट बंधूंनी १९१३ सालीच नौदलाच्या विमानांसाठी मिटत्या पंखांची युक्ती काढली होती. परंतु सामान्य हौशी माणसाच्या हाती ती आली १९२५ साली, डी हॅविलंड कंपनीच्या 'मॉथ' विमानाबरोबर. सुमारे तीस फूट विस्ताराचे त्याचे दुहेरी पंख पुढच्या तुळईच्या मुळाशी असलेल्या पिना काढल्या की मागच्या तुळईभोवती फिरून शेपटीच्या दिशेने आडवे होत, आणि मग ते विमान मोटारीमागे बांधून घरच्या गॅरेजात नेता येई. त्याच घराण्यातले पुढचे 'पस मॉथ' हे एकेरी पंखाचे विमान भारतीयांच्या चांगल्या परिचयाचे आहे, निदान असावयास हवे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते याच विमानातून, आणि त्याचेही पंख मिटत असत. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडू लागल्यावर टाटांचा सगळा संसार, म्हणजे दोन विमाने आणि मूठभर वैमानिक व कारागीर, पुण्यास येऊन येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेतल्या एका माळावरून उड्डाणे करीत असे, ही आठवण त्यांनी स्वतः पुढे सांगितलेली आहे. पुणे जिल्ह्यातील नागरी विमानविद्येची पहिली पावले अशी एका साध्या माळावर पडली. आज त्याच जिल्ह्यात एखाद्याने आपल्या माळावर तसे काही करावयाचे म्हटले तर किती दप्तरांतून फिरावे लागेल याची कल्पनाच केलेली बरी.

पण पस मॉथची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३० सालापासून पुढील काही वर्षांत या जातीची अनेक विमाने हवेतच पंख मोडून पडली, आणि बराच काळ कारण सापडेना. अखेरीस शोध लागला तो असा की खळबळलेल्या हवेत वेगाने जाताना पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरप्या टेकूंची ताठरता अपुरी पडत होती. पुढच्या टेकूला एक लहानसा जोडआधार देऊन तो दोष काढण्यात आला. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की ज्या पिनांवर लोकांचा पहिला संशय जावा त्या पिना निर्दोष होत्या, आणि ज्या दांड्याकडे कोणाचे लक्ष नव्हते तो अपराधी निघाला. मिटत्या पंखाचा विचार पिनेपाशी सुरू होतो हे खरे, परंतु जो केवळ पिनेचाच विचार करील त्याच्या हातून विमान सुरक्षित होणार नाही.

तरीही पिनेवरचा भार एकदा मोजून पाहणे उपयुक्त आहे. वैमानिक, सोबती व इंधन धरून ४५० किलो वजनाचे विमान घेऊ. सामान्य वर्गातल्या हलक्या विमानाचा सांगाडा स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट भार सोसावा, आणि तुटण्यापूर्वी त्यावर आणखी दीडपट मर्यादा शिल्लक असावी, असा जगभरचा रूढ दंडक आहे. एका बाजूच्या पंखाच्या वाट्याला विमानाचे निम्मे वजन, म्हणजे २२५ किलो, त्याचे ३.८ पट ८५५, आणि त्याचे दीडपट सुमारे १,२८० किलो होतात. ही उचल पंखाच्या मुळापासून सरासरी दोन मीटर अंतरावर लागते असे धरले आणि मुळाशी तुळईची उंची २० सेंटिमीटर असली, तर वरच्या आणि खालच्या जोडांपैकी प्रत्येकावर सुमारे १२,८०० किलोंचा ताण किंवा दाब येतो. आणि जोडांच्या बाबतीत आणखी पंधरा टक्के अधिक धरावे हा जो संकेत आहे तो पाळला तर हा आकडा पावणेपंधरा टनांवर जातो. ज्या विमानाचे सगळे वजन अर्ध्या टनाहून कमी, त्याच्या १४ मिलिमीटर जाडीच्या पिनेवर पंधरा टन! चांगल्या पोलादाची पिन हा भार दोन ठिकाणच्या कापावर विभागून खुशाल पेलते. पिन तुटण्याआधी तिच्याभोवतीचे भोक लांबट होते, आणि वर्कशॉपातला कारागीर ज्याला भोक ओव्हल झाले म्हणतो ती अवस्था तेथे हळूहळू, डोळ्यांना न दिसता, येत असते.

या हिशेबातूनच हौशी बांधणाऱ्याने कोणता मार्ग धरावा याचे उत्तर निघते. पंख विमानाच्या वर बसवून त्याला खालून टेकू दिला, म्हणजे उचलीचा बहुतेक भार टेकू ताणाने वाहून नेतो, आणि मुळाशी असलेल्या पिनेला मुख्यतः आतल्या बाजूचा दाब सोसावा लागतो. पंधरा टनांचा प्रश्न एकदम मवाळ होतो. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९८४ साली निघालेल्या 'किटफॉक्स' या घरी बांधावयाच्या विमानाने हाच मार्ग धरला आणि त्याचे सुटे संच हजारोंनी खपले. मात्र त्यातही एक बारकावा आहे. पंख मागे फिरतो तो मागच्या तुळईच्या मुळाभोवती, आणि त्याच्याबरोबर टेकूही आपल्या खालच्या टोकाभोवती फिरतो. ही दोन केंद्रे पंख फिरण्याच्या एकाच अक्षावर नसतील तर पंख मिटताना जोड पिळवटतो, आणि ही पिळवटणूक प्रत्येक वेळी थोडी थोडी साठत जाते. नौदलातल्या बुटक्या पंखांचे शास्त्र निराळे. ग्रमन कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी तिरप्या अक्षाभोवती पंख वळवून अंगालगत लावण्याची जी युक्ती काढली, तिची कल्पना लिरॉय ग्रमन यांनी खोडरबरात कागदाची क्लिप खुपसून पडताळून पाहिली होती. आणि पहिल्या 'विक्रांत' नौकेवरची सी हॉक विमानेही पंख उभे मिटूनच जहाजाच्या पोटात उतरत. ती विमाने पाहावयास गोव्याच्या नौदल संग्रहालयात जरूर जावे. परंतु हायड्रॉलिकच्या बळावर आणि डझनभर नौसैनिकांच्या देखरेखीखाली चालणारी ती यंत्रणा कासुर्डीच्या छपरीत नक्कल करावयाची वस्तू नव्हे.

येथवर मजबुतीचा प्रश्न झाला, आणि तो एकदा गणिताने सुटला की सुटला. माझ्या मते मिटत्या पंखाचे खरे मर्म अन्यत्र आहे. कारखान्यातून निघालेल्या विमानाचा पंख आयुष्यात एकदाच जोडला जातो. जोडणारा कुशल असतो, तपासणारा वेगळा असतो, दोघांच्या सह्या नोंदवहीत राहतात, आणि पुढे वीस वर्षे त्या जोडाला कोणी हात लावीत नाही. मिटता पंख मात्र प्रत्येक उड्डाणापूर्वी नव्याने जोडला जातो. म्हणजे विमानाच्या सर्वांत नाजूक सांध्याची निर्मिती पुनःपुन्हा होत राहते, आणि ती होते पहाटेच्या अंधुक उजेडात, घाईने, कदाचित कोणा पाहुण्याशी बोलत बोलत, कदाचित ज्याने विमान बांधलेच नाही अशा माणसाच्या हातून. म्हणून ज्याला पंख मिटते करावयाचे आहेत त्याने आपण पंखच नव्हे तर एक कारखाना रचीत आहोत असे समजून चालले पाहिजे. आणि त्या कारखान्यातला कामगार दमलेला व विसराळू आहे हे गृहीत धरून.

शिकलेल्या आणि शिस्तीतल्या माणसालाही विसर पडतो याचा एक नमुना लष्करी विमानविद्येत प्रसिद्ध आहे. १९६० साली इटलीतील नेपल्स येथून अमेरिकन नौदलाचे एक क्रुसेडर जातीचे लढाऊ विमान पंख मिटलेल्या स्थितीत आकाशात गेले. त्याचे केवळ बाहेरचे पंखखंड मिटत असल्यामुळे आणि इंजिनाचे बळ अफाट असल्यामुळे ते उडाले, वैमानिकाने ते सावकाश फिरवून परत उतरविले, आणि गोष्ट विनोदावारी गेली. पुढेही त्या जातीच्या विमानांच्या बाबतीत असे प्रसंग घडले. घरी बांधलेल्या विमानाला तेवढे बळ नसते, आणि त्याच्या बाबतीत धोका पूर्ण मिटलेल्या पंखाचा नसतोही. पूर्ण मिटलेला पंख आंधळ्यालाही समजतो. धोका असतो तो उघडलेल्या, जागेवर बसलेल्या, परंतु पिन अर्धीच आत गेलेल्या पंखाचा. उसाच्या हंगामात या भागातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधली पिन पाहावी: ती नुसती टाकली तरी ट्रॉली चालू लागते, चार मैल सुरळीत चालतेही, आणि खालची चाप लावावयाची राहिली आहे हे चढावरच्या एखाद्या खड्ड्यातच कळते. पंखाची अर्धी पिन अशीच जमिनीवर मुकाट राहते, धावपट्टीवरही राहते, आणि पहिल्या झोतात आपले म्हणणे मांडते.

तेव्हा रचनाकाराचे पहिले कर्तव्य हे की अर्धवट जोडलेले विमान जमिनीवरच अडून बसले पाहिजे. पिन पूर्ण आत गेल्याखेरीज तिची मूठ खाली वळू नये; मूठ वळल्याखेरीज पंख आणि धड यांमधली झाकणपट्टी बसू नये; आणि ती पट्टी बसली नाही तर दार लागू नये, अशी साखळी एकात एक अडकविता येते, आणि तिला लागते ते डोके, पैसा फारसा लागत नाही. ज्या बाजूने वैमानिक चढतो त्या बाजूची पिन त्याला दिसतेच. पलीकडच्या बाजूची दिसत नाही, सबब तिची खूण आसनावरून दिसेल अशी काढावी. पिना डावी-उजवी अशा वेगवेगळ्या मापांच्या केल्या तर अदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही. घडीच्या बिजागरीतून उड्डाणाचा मुख्य भार जाऊ देऊ नये. घडीची बिजागरी केवळ घडीसाठी आणि उड्डाणाची पिन केवळ उड्डाणासाठी अशी विभागणी असली, म्हणजे घडी घालून घालून जे झिजते ते आकाशात उपयोगाला येत नाही, आणि आकाशात जे उपयोगाला येते ते झिजत नाही. ही विभागणी करणे प्रत्येक रचनेत शक्य नसते, विशेषतः मागच्या तुळईच्या बाबतीत. तेथे पितळेचा किंवा काशाचा बदलता येण्याजोगा बुश बसवावा आणि भोक रीमरनेच पुरे करावे, ड्रिलने नव्हे. पिनेसाठी नाना पेठेतून उचललेला, डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट वापरण्याचा मोह होईल. तो आवरावा.

नियंत्रणांची गोष्ट याहून कठीण. एलेरॉनकडे, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या पृष्ठांकडे, जाणाऱ्या दोऱ्या अथवा दांडे पंखाच्या मुळातूनच जातात, आणि पंख फिरला की ते एक तर सोडवावे लागतात, नाहीतर फिरण्याच्या अक्षावरच वळतील असे बसवावे लागतात. माझे मत स्पष्ट आहे: हौशी विमानात ते सोडविण्याची पाळीच येऊ देऊ नये, त्यासाठी सांध्याची जागा बदलावी लागली तरी बदलावी. ग्लायडरांचा अनुभव याला पुरावा आहे. ग्लायडरचे पंख तर प्रत्येक मोसमात पुरतेच सुटे करून लांबट पेटीगाडीतून नेले जातात, आणि जगभरच्या ग्लायडर मंडळींना आपल्या अपघातांचा हिशेब करताना न जोडलेल्या एलेरॉनची अथवा एलिव्हेटरची नोंद वारंवार करावी लागली. त्यातून एक शिरस्ता निर्माण झाला. जोडणी झाल्यावर दुसरा मनुष्य नियंत्रणपृष्ठ हाताने घट्ट धरतो, आतला मनुष्य दांडा हलवितो, आणि विरोध जाणवला तरच जोड खरा मानला जातो. कारण दांडा हलविल्यावर पृष्ठ नुसते हललेले दिसले म्हणजे ते जोडलेले आहे असे सिद्ध होत नाही, टेकून बसलेलाही सांधा हलतो. हडपसरचे ग्लायडिंग केंद्र याच राजमार्गाच्या मुखाशी आहे. विमान बांधावयास निघालेल्या दौंडकराने प्रथम तेथे जाऊन जोडणी आणि तपासणी यांचा हा रिवाज डोळ्यांनी पाहावा. पुस्तकाने तो येत नाही.

रस्त्याचा विचार मात्र बहुतेक रचनाकार करीतच नाहीत, आणि आपल्याकडे तो हवेच्या विचाराइतकाच महत्त्वाचा आहे. हवेतल्या भारांची दिशा ठाऊक असते. त्यांची गणिते पुस्तकांत आहेत. मिटलेला पंख गाडीमागे जाऊ लागला की त्याच्या मुळावर येणारे धक्के वरून, खालून, बाजूंनी, कोणत्याही दिशेने येतात, आणि चौफुल्यापर्यंतच्या गतिरोधकांवर बसणाऱ्या हिसक्यांचे कोष्टक कोणत्याही अभियांत्रिकी ग्रंथात सापडावयाचे नाही. चार मीटर लांबीचा, पस्तीस-चाळीस किलो वजनाचा पंख शेपटीकडच्या टोकाला सैल सोडला तर मुळाची बिजागरी एका मोसमात खिळखिळी होते, आणि हा ढिलेपणा हवेत गेल्यावर पंखाच्या फडफडीला आमंत्रण देतो. मॉथ विमानाच्या रचनाकारांनी घडी घालण्यापूर्वी तात्पुरता खांब लावण्याची जी तजवीज केली होती ती यासाठीच उद्बोधक आहे. पंखाचे टोक शेपटीवरच्या गादी लावलेल्या खोबणीत बसावे, त्याचा भार गाडीच्या चौकटीवर जावा, एलेरॉन लाकडी पाचरीने जखडावेत आणि त्या पाचरीला हातभर लांबीची तांबडी पट्टी असावी, म्हणजे ती काढावयाची राहिली तर दुरून दिसेल. पंखात टाकी असेल तर प्रवासापूर्वी ती रिकामी करावी, हे सांगावयास नको. आणि वाऱ्याचे भान हवे. चैत्र-वैशाखात दुपारी भुलेश्वराच्या डोंगराकडून येणारी वावटळ ज्याने पाहिली आहे तो, अर्धा उघडलेला पंख एकट्या माणसाच्या हातात राहील अशी रचना कधीही मान्य करणार नाही. घडीच्या प्रत्येक टप्प्यावर पंख कशावर तरी टेकलेला असलाच पाहिजे.

आता सरकारी बाजू. त्या काळी जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनासाठी ते विमान सुटे करून गच्चीवरून खाली उतरवावे लागले, रस्त्याने न्यावे लागले आणि तेथे पुन्हा जोडावे लागले, तेव्हा लोकांना कौतुक वाटले ते गच्चीचे. मला विचार करण्याजोगी वाटली ती जोडणी. त्यांनी नोंदणीसाठी अर्ज केला २०११ साली, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी त्यानंतर आणखी दोन वर्षांनी, आणि चाचण्या पुढे धुळ्याच्या विमानतळावर झाल्या. एवढा विलंब का, याची कारणे दोन्ही बाजूंकडे असतील. त्या वादात मी शिरत नाही. परंतु एक गोष्ट त्यातून उघड होते. आपले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय कारखानदाराला ओळखते आणि विमान कंपनीला ओळखते. घरी विमान बांधणारा एकटा मनुष्य त्याच्या दप्तरात कोणत्या रकान्यात घालावा, हे त्याला अजून ठरविता आलेले नाही. १९३४ सालचा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अंमलात आला. कायदा नवा झाला, रकाना होता तसाच राहिला.

कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही, की घरचे विमान पडते तेव्हा ते फक्त बांधणाऱ्यावर पडत नाही. दौंड-शिरूरचा मुलूख ओसाड नाही, दर दोन मैलांवर वस्ती आहे, आणि बारामतीच्या आसपास प्रशिक्षणाची विमाने शेतात उतरल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, ती तर कारखान्यात बनलेली विमाने होती. हे मला मान्य आहे. त्याचे उत्तर मनाईत आहे असे मात्र मला वाटत नाही, कारण मनाईने बांधणारा थांबत नाही, तो केवळ तपासणीच्या नजरेआड जातो. इंग्लंडात १९४६ साली हौशी मंडळींची जी संघटना उभी राहिली तिच्याकडे तेथील सरकारने हलक्या विमानांच्या तपासणीचा अधिकार क्रमाक्रमाने सोपविला; तिचे निरीक्षक बांधणीच्या टप्प्याटप्प्याला येतात, कापड चढविण्यापूर्वी तुळई पाहतात, जोड बसविण्यापूर्वी भोक मोजतात, आणि प्रत्येक टप्प्याखाली सही करतात. अमेरिकेत बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षणासाठी अथवा हौसेसाठी स्वतः केलेले असावे, आणि पहिली पंचवीस किंवा चाळीस तासांची उड्डाणे ठरवून दिलेल्या विरळ वस्तीच्या मुलखातच व्हावीत, असा बंदोबस्त आहे. यातले काहीही आपल्याला अशक्य नाही. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही, वायुदलातून निवृत्त झालेल्या जाणत्या तंत्रज्ञांचीही नाही. त्यांतल्या लायक माणसांना मुखत्यारी देऊन जिल्हावार निरीक्षक नेमणे हे काम एका परिपत्रकाचे आहे.

मिटत्या पंखांसाठी त्या परिपत्रकात दोन जादा कलमे असावीत. एक, प्रत्येक जोडणीची नोंद विमानाच्या वहीत व्हावी आणि तीवर जोडणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाची सही असावी. तो दुसरा मनुष्य परवानाधारक असण्याची गरज नाही, त्याला नियंत्रणपृष्ठ कसे धरावयाचे एवढे शिकविले की पुरे, मग तो शेजारचा गुऱ्हाळवाला असला तरी हरकत नाही. दुसरे, ठराविक जोडण्यांनंतर पिना व भोके मायक्रोमीटरने मोजून आकडे त्याच वहीत मांडावेत, म्हणजे झीज डोळ्यांऐवजी आकड्यांत दिसेल.

आणि पहिल्या उड्डाणापूर्वी भारपरीक्षा. पंख उलटा करून मजबूत चौकटीवर बसवावा, उड्डाणात ज्या पिना लागावयाच्या त्याच पिना लावाव्यात, आणि त्यावर वाळूची पोती रचावीत, मुळाकडे दाट व टोकाकडे विरळ, कारण हवेची उचलही तशीच वाटली जाते. आपण वर धरलेल्या विमानाला ८५५ किलोंच्या मर्यादेसाठी पन्नास किलोंची सतरा पोती लागतात. साखर कारखान्यांच्या या मुलखात रिकाम्या पोत्यांचा तुटवडा पडणार नाही. २६ पोत्यांचा अंतिम भार, जो सांगाड्याने तीन सेकंद तरी सोसावा असा नियम आहे, तो मात्र उडवावयाच्या पंखावर घालू नये. त्यासाठी मुळाकडचा एक नमुनाजोड वेगळा बनवून तोच मोडावा. सतरा पोती उतरविल्यावर पंख पूर्ववत झाला पाहिजे, आणि हातोडी न लावता, नुसत्या हाताने, दोन्ही पिना बाहेर आल्या पाहिजेत. येत नसतील तर भोक हलले आहे, आणि परीक्षा नापास. या सगळ्याचा रीतसर पंचनामा व्हावा, भोकांची आधीची व नंतरची मापे त्यात असावीत, आणि त्याखाली सही करावयाला निरीक्षक पुण्याहून सकाळच्या गाडीने येऊन सायंकाळी परत जाऊ शकेल, दिल्लीहून त्याची तारीख मिळेपर्यंत पोत्यांतली वाळू पावसाळ्यात वाहून जाण्याची वेळ येणार नाही, एवढी तजवीज महासंचालनालयाने करावी.